डाव्या पायांचा उन्हाळा

आमच्या सोलापुरात पावसाच्या आधी गणवेश येतात. आभाळ अजून कोरडं ठणठणीत असतं, डांबर चपलेला चिकटत असतं, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशात रिक्षांच्या मागच्या सीटवर, सायकलींच्या कॅरिअरवर, बायकांच्या कडेवर निळे, खाकी, चॉकलेटी गठ्ठे हिंडायला लागतात. कुठल्या कुठल्या गावांतल्या पोरांचे शर्ट, पँटी, ट्युनिक आमच्या गल्लीबोळांत शिवले जातात. एखाद्या बोळातून चालत गेलं, तर दोन्ही बाजूंच्या उघड्या दारांतून मशिनींचा आवाज येतो. एक थांबली की दुसरी सुरू, दुसरी थांबली की तिसरी. लहानपणी मला वाटायचं, हा उन्हाळ्याचाच आवाज आहे, सगळ्या गावांत येत असणार.

यंदाही गठ्ठे हिंडायला लागले, आणि नेमकं तेव्हाच कॉलेजनं नव्या वर्षाचं वेळापत्रक करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी गणित शिकवते, म्हणून. जणू ज्याला बेरीज येते त्याला वेळही पुरवता येतो. आता दिवसभर मी चौकोन भरत असते. ह्या चौकोनात हे सर, त्या चौकोनात त्या मॅडम, प्रयोगशाळा एक आणि मागणारे चार. दुनियेच्या वेळेची घडी बसवणारी ही बाई स्वतः मात्र चहा ओट्याशी उभ्यानं पिते, अंघोळ करताना मनातल्या मनात ईमेल लिहिते, आणि कुणी काही विचारायच्या आतच सांगून टाकते, की वेळ नाही. माझी लेक जुई सातवीत गेलीय. ती परवा म्हणाली, "आई, लोक फोनवर हॅलो म्हणतात ना, तसं तू वेळ नाही म्हणतेस." मी तिच्यावर खेकसले. खेकसायला बरा वेळ होता.

ही पोरगी सुट्टीत शेवग्यासारखी वाढली. मागच्या वर्षीचा ट्युनिक गुडघ्याच्या वर गेला. नवा घ्यावा तर माझ्या आईला ते खपत नाही. आत दुमडलेलं कापड सोडून खालून शिवलं की झालं, असं तिचं म्हणणं. म्हणून कॉलेजातून परस्पर तिच्याकडे गेले. गल्ली तीच, घर तेच. स्कूटर चालूच ठेवली आणि दारातून पिशवी आत सरकवली.

"बस," आई म्हणाली.

"आई, खरंच वेळ नाही गं."

"येळ न्हाय म्हनूनच म्हन्ते, बस."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. कुठं, ते आठवायला मला क्षणभरही लागला नाही, कारण त्या खोलीला अजून तोच वास आहे. मशीनच्या तेलाचा, खडूचा आणि पाणी न लागलेल्या कोऱ्या कापडाचा. मी स्कूटर बंद केली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. बसले नाही. एवढ्यात हार मानायची सवय नाही मला.

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. म्हणजे घरातलं एकमेव रिकामं माणूस. शिवणाऱ्या घरात रिकामं माणूस फार दिवस रिकामं राहत नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात बोटभर कात्री आली आणि मी शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायला बसले. बाहेर ऊन नुसतं भाजत असायचं. खिडकीला ओली चादर टांगलेली, तिच्यापासून कापड लांब ठेवायचं. नखांत निळं, भुवयांवर निळं, पोळीच्या डब्यावर निळ्या कापडाचं तूस. आमटीत दोरा निघाला नाही असा दिवस नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, तो दोरा चिमटीत धरून म्हणायचे, "आज आमटीला टाका घातलाय वाटतं." ते बसवर कंडक्टर होते, वैराग-बार्शीच्या गाडीवर. दिवसभर माणसांना आत सरका म्हणून यायचे आणि घरात येऊन बघायचे तर त्यांनाच सरकायला जागा नसायची.

आई मूळची करकंबची. लग्नाआधी मशीनला हात लावलेला नव्हता. इथं आल्यावर शिकली आणि मग वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे गठ्ठे शिवत राहिली. कापलेलं कापड यायचं, ही शिवायची, शिवलेलं जायचं. कापणारा कोण, विकणारा कोण, घालणारं पोर कुठलं, तिला काही ठाऊक नसायचं. ती म्हणायची, "मी बाह्या शिवल्या, कॉलर शिवल्या. आख्खं पोर कदी बगितलं न्हाय."

आणि त्या उन्हाळ्यात अण्णांच्या गाडीनं नेहमी येणाऱ्या एका हेडमास्तरांशी अण्णांनी गप्पा मारल्या आणि त्यातून आईला पहिल्यांदा स्वतःची ऑर्डर मिळाली. वैरागमधली शाळा. पहिली ते दहावीच्या सगळ्या मुलांच्या पँटी. कापड त्यांचं, कापणं-शिवणं आईचं. हेडमास्तरांची अट एकच, शाळेच्या पहिल्या दिवशी एकही पोर जुन्या पँटीत दिसायला नको. ते जमलं तर दर वर्षी हे काम आईकडे. नाही जमलं तर पुन्हा आपले दुसऱ्यांचे गठ्ठे, आणि पुन्हा कधी कुणी विचारायला येईल ही आशा नको. कापडही बेतानं आलेलं होतं. बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

मला वाटलं होतं, आई खूश होईल. ती पहिल्या दिवशी झालीही. निळ्या कापडाची थानं खोलीत आली तेव्हा तिनं त्यांच्यावरून असा हात फिरवला की मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवसापासून बाई बदलली. एरवी मशीनवर गुणगुणणारी आई मुकी झाली. सगळं कापड तिनं समोरच्या भिंतीला खिडकीपर्यंत रचून ठेवलं, का तर समोर दिसलं की हात लवकर चालतो. हात काही लवकर चालला नाही. दर चार टाक्यांनी तिची नजर वर त्या ढिगाकडे जायची. त्यात लोडशेडिंग. वीज गेली की मोटर बंद, आणि आई तशीच मशीनवर बसून विजेच्या बटणाकडे बघत राहायची. जेवायचं ते उभ्यानं. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "येळ न्हाय." भाजीत मीठ घालू का विचारलं तरी येळ न्हाय.

तिचं तेव्हाचं ते तोंड मला आता रोज आरशात दिसतं.

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. तेव्हाही यायचं नाही. मध्ये काही दिवस जायचे आणि मग एक पाण्याचा दिवस यायचा. गल्लीचं खरं कॅलेंडर तेच. पाहुणे पाण्याच्या दिवशी बोलवायचे नाहीत, बाळंतिणीला पाण्याच्या दिवसानंतर आणायचं, केस धुवायचे ते त्याच दिवशी. आमच्या तीन घरांत नळ एकच. एका बाजूला पद्मक्का, तेलुगू घरातली. तिचा नवरा टॉवेलच्या मागावर आणि ती घरी विड्या वळायची. दुसऱ्या बाजूला शमीमचाची. तिचा नवरा टेम्पो चालवायचा आणि ती कपड्यांना काज-बटण करायची. पाणी आलं की एकीनं पाइप धरायचा, एकीनं वाहायचं, एकीनं पिंप भरायचं. आणि ह्या तिघींचा एक नियम होता. पाण्याच्या दिवशी हातातलं काम बंद. मशीन बंद, विड्यांचं सूप बाजूला, सुई-दोरा खोक्यात. ओल्या हातानं कापड बिघडतं आणि तेंदूची पानंही, असं कारण त्या सांगायच्या. पण खरं कारण नंतरचं असायचं. भांडं न् भांडं भरून झालं की त्या पद्मक्काच्या पायरीवर बसायच्या, ओल्या फरशीवर पाय सोडून, चहा घेऊन. कुणी कडक भाकरी आणायचं, कुणी शेंगाची चटणी. ज्या दिवशी सगळ्यात जास्त धावपळ, त्याच दिवशी दुपारी आमची गल्ली सगळ्यात निवांत असायची. हे गणित मला कधीच सुटलं नाही, आणि ते सोडवावं असं तेव्हा वाटलंही नाही.

त्या उन्हाळ्यातल्या एका पाण्याच्या दिवशी आईनं तो नियम मोडला. पाणी आल्याचा आवाज झाला तशी ती मला म्हणाली, "तू जा भरायला. मला येळ न्हाय. लाईट जायच्या आत मला शिवायला बसायचंय, त्येच्या आत कापून घेती."

मी गेले. आत ती कापायला बसली.

आता इथं थोडं कापडाचं सांगायला हवं. पँटीच्या कापडाला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते. पँटीचे डावे आणि उजवे तुकडे चपलांसारखे असतात, एकमेकांच्या उलट. हे कापड दुकानातूनच मधोमध घडी घालून येतं. त्या घडीवरच कापलं, की एक डावा आणि एक उजवा आपोआप निघतो. घडीच जोडी लावून देते, शिवणाऱ्याला विचार करावा लागत नाही. पण त्या सकाळी आईला वाटलं, एकेक घडी कापत बसायला वेळ कुठंय. तिनं घडी उलगडली, कापड सपाट केलं, एकावर एक थर अंथरले, सगळे सुलट बाजू वर करून. वरती पुठ्ठ्याचा साचा ठेवला, खडूनं आखलं आणि मोठी कात्री चालवली. साचा एकदा उलटा करून अर्धं कापड त्यानं कापायचं, एवढंच राहून गेलं. मी कळशी घेऊन आत आले तर ती घामानं निथळत होती आणि कितीतरी दिवसांनी हसत होती. "बग, आठवी, नववी, धावी सगळी झाली. दोन दिसांचं काम सकाळीच उरकलं."

मग ती मशीनवर बसली. दोन तुकडे उचलले, सुलट बाजूला सुलट बाजू लावली. एकाचा बाक इकडे, दुसऱ्याचा तिकडे. तिनं ते बाजूला ठेवले आणि दुसरे दोन उचलले. मग तिसरे. मी दारात ओली चिंब उभी. मला काही कळेना, पण तिच्या खांद्यांवरून कळलं की काहीतरी भलतंच झालंय.

"ह्या सगळ्या डाव्या पायाच्या हायेत," ती म्हणाली. इतक्या हळू, की मला वाटलं, मला नव्हे, त्या कापडालाच सांगतेय.

मग जे झालं ते मला अजून आठवतं. आई रडली नाही, ओरडली नाही. ती ताडकन उठली, भिंतीपाशी गेली आणि लहान वर्गांसाठी ठेवलेलं थान ओढून जमिनीवर उलगडायला लागली. कात्री हातात होतीच. आता ह्यातून उजवे पाय कापायचे, एवढंच तिच्या डोक्यात. पहिली-दुसरीच्या पोरांचं काय, हा विचार तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. एक चूक झाली होती आणि ती दुसरी करायला धावत निघाली होती.

तेवढ्यात पद्मक्का पाइपबद्दल विचारायला आत आली. तिनं एकदा आईच्या तोंडाकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. "अक्का, कात्री खाली ठेव."

"पद्मे, मला येळ न्हाय."

"वेळ नाही तर मग बस आधी."

आणि तिनं एक अजब काम केलं. भिंतीला रचलेला तो ढीग एकेक थान करून पलंगाखाली सरकवायला लागली. मला म्हणाली, "बघत काय उभी राहिली? हात लाव." आम्ही दोघींनी सगळं पलंगाखाली घातलं आणि वरून चादर अशी सोडली, की काही म्हणून दिसेना. "असं सगळं डोळ्यासमोर ठेवलं तर हात चालत नाही अक्का," पद्मक्का म्हणाली. "आमच्याकडं मागावर केवढा मोठा ताणा असते. पण विणणाऱ्याच्या डोळ्यासमोर वीतभरच कापड असते. विणलेलं खाली गुंडाळून जाते, राहिलेलं मागं असते. सगळं दिसलं असतं तर माझा नवरा पळून गेला असता." मग जरा थांबून, "तसा पळाला तरी चाललं असतं," असंही म्हणाली.

त्याच वेळी वीज गेली. पंखा थांबला. शमीमचाची दारातून डोकावून आईला म्हणाली, "कमलताई, पैले चा पियो. कपडा कहीं भागके नै जारा."

दोघींनी आईला दंडाला धरून पायरीवर नेऊन बसवलं. तिच्या हातात डाव्या पायाचा एक तुकडा तसाच राहिला होता. चहा आला. मग शमीमचाचीनं तो तुकडा निरखून बघितला आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "वैराग की शाला अब लंगडी में पैला नंबर लाएगी."

पहिल्यांदा पद्मक्काला हसू फुटलं. मग मला. मग आईला असं हसू आलं, की चहा पदरावर सांडला, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. त्यात रडणं किती आणि हसणं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं. मला मात्र त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की सगळी ऑर्डर गेली तरी चालेल, पण ही बाई अशीच हसत राहू दे, असं वाटून गेलं.

शमीमचाचीची धाकटी मुलगी, तबस्सुम, तेव्हा बालवाडीतनं पहिलीत जाणार होती. ती येऊन आईला चिकटून बसली. आईनं डोळे पुसले आणि हातातला तुकडा सहज तिच्या पायावर पसरला, जसं आपण बोलता बोलता मुलाच्या अंगावर पांघरूण ओढतो. तुकडा तिचा पाय दोन्हीकडून झाकून वर उरला. आईनं तो उलटसुलट फिरवून पुन्हा ठेवला. पुन्हा उरला.

"ह्यात पयलीतल्या पोराचा आख्खा पाय बसतोय की," ती म्हणाली. "डावाबी बसतोय आन् उजवाबी."

झालं. एवढंच होतं. दहावीच्या मुलाचा डावा पाय इतका मोठा, की त्यातून पहिलीतल्या मुलाचा हवा तो पाय कापता येतो. म्हणजे जादा झालेल्या डाव्या पायांतून लहानांच्या पँटी, आणि लहानांसाठी राखलेल्या कोऱ्या थानातून मोठ्यांचे उजवे पाय. घाईनं कापायला बसली होती तेव्हाही तेच कापड समोर होतं आणि हीच मापं तिला ठाऊक होती. फक्त तेव्हा ते तिला दिसत नव्हतं.

थोडं कापड कमी पडलंच. शमीमचाचीनं तिच्या ट्रंकेतून लाल फुलांचं उरलेलं चीट काढून दिलं. खिशाच्या आतली पिशवी आणि कमरपट्टीची आतली बाजू त्याची केली. बाहेरून शाळेची निळी पँट, आत सगळा गुलाबाचा बगीचा. हेडमास्तरांना काय सांगायचं, ह्याची आईला धास्ती होती. पद्मक्का म्हणाली, "हेडमास्तर काय खिशात हात घालून बघणार आहे काय?"

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनी आठवतात. वीज असेतो मशीन. वीज गेली की तिघी पायरीवर, पँटीच्या पायाशी हातशिलाई घालत. आई पुन्हा गुणगुणायला लागली. खोलीत एका वेळी एकच गठ्ठा समोर असायचा, बाकीचे पलंगाखाली, वर चादर. अण्णांना वाटलं, काम संपलं. ते म्हणाले, "अरे वा, खोली मोकळी झाली की." आईनं पलंगावरची चादर जरा आणखी खाली ओढली. आणि मग ऐन शेवटच्या आठवड्यात पाण्याचा दिवस आला. मला वाटलं, आज तरी आई मशीन सोडणार नाही. तिनं मशीनवर कापड झाकलं आणि कळशी उचलली. मी म्हटलं, "आई, आता तर खरंच वेळ नाही."

"म्हनूनच," ती म्हणाली.

तेव्हा मला हा नुसता हट्ट वाटला होता. इतक्या वर्षांनी, दाराच्या चौकटीला टेकून उभी असताना, तो थोडा थोडा कळायला लागला. दिवस काही लांबले नव्हते. वीज तशीच जात होती, ढीग तेवढाच होता, फक्त पलंगाखाली होता. पण त्या ढिगाला घाबरण्यात आईचा जो वेळ जात होता, तो वाचला. आणि तो फार मोठा होता. माझाही तोच सगळ्यात जास्त जातो. काम करताना नाही, उरलेल्या कामाकडे बघताना. सकाळी डोळे उघडल्याबरोबर मी तो सगळा ढीग खिडकीपर्यंत रचते आणि मग दिवसभर त्याच्याकडे बघत डाव्या पायाचे तुकडे कापत बसते.

त्या दिवशी मी शेवटी बसले. आईनं ट्युनिकची दुमड उसवली, इस्त्री फिरवली, शिवायला घेतली. मी फोन पर्समध्ये घातला आणि पर्स पलंगाखाली सरकवली. आईनं बघितलं आणि पायडल दाबलं. माझ्यासमोर एवढंच राहिलं होतं, निळ्या ट्युनिकचा वीतभर घेर आणि त्यावरून चालणारी आईची बोटं. ती पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाहीत. हे मी किती दिवसांनी बघत होते.

वेळापत्रक मी पुढच्या आठवड्यात पूर्ण केलं. त्यात बुधवारी दुपारचा एक चौकोन सगळ्यांना रिकामा ठेवलाय. तास नाही, बैठक नाही. तो बसवायला मला बाकी सगळं पुन्हा मांडावं लागलं, पण बसला. प्राचार्यांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, हे काय राहिलंय?" मी म्हटलं, "राहिलं नाही सर. पाण्याचा दिवस आहे." ते इथलेच. त्या चौकोनाकडे बघून हसले आणि त्यांनी सही केली. पुढे तो चौकोन टिकतो का बघू. आमच्याकडे रिकामी जागा दिसली की तिथं खुर्ची टाकायची लोकांना सवय आहे.

आता त्या ऑर्डरचं राहिलं. मोठ्या वर्गांच्या पँटी शाळा उघडायच्या आधीच अण्णांच्या गाडीच्या टपावरून गेल्या. पहिलीचा शेवटचा गठ्ठा मात्र पहिल्या दिवशी सकाळीच हातावेगळा झाला. तो मांडीवर घेऊन आई आणि मी अण्णांच्याच गाडीनं वैरागला उतरलो. अण्णांची गाडी बार्शीला जाऊन परत येणार, तिनंच आम्ही घरी परतायचं ठरलं होतं. कारण दुसऱ्या एकाचं काम घरी येऊन पडलेलं होतं. त्या दिवशीही वेळ नव्हताच.

शाळेत पहिलीच्या वर्गात नुसता गोंधळ. रडणारी पोरं, आया, नव्या दप्तरांचा वास. हेडमास्तरांनी गठ्ठा तिथंच फोडला आणि बाईंनी एकेकाला पँटी चढवायला सुरुवात केली. त्यामुळे प्रार्थनेला उशीर झाला. आम्ही बाहेर फाटकापाशी कडुनिंबाखाली थांबलो. आईनं पदर दाताखाली धरला होता. ती कधीच असं करत नाही.

तेवढ्यात गाडी आली. अण्णा दारातून वाकून हाक मारायला लागले. "अगं, चला लवकर. गाडी थांबायची न्हाय."

आणि त्याच वेळी घंटा झाली. पोरं मैदानात यायला लागली. दहावीची मुलं खिशात हात घालून, नववीची त्यांची नक्कल करत, आणि सगळ्यात शेवटी पहिलीची रांग, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. रांगेतल्या एकानं खिसा बाहेर ओढून बघितला. लाल फुलं बाहेर आली. त्यानं शेजाऱ्याला दाखवली. शेजाऱ्यानं आपला खिसा ओढला. बघता बघता अख्ख्या रांगेच्या कमरेला फुलं फुटली आणि बाई ती आत कोंबत धावायला लागल्या. हेडमास्तरांनी ते पाहिलं. ते हसू दाबत आमच्याकडे वळले आणि त्यांनी लांबूनच हात वर केला.

आईनं पदर सोडला. ती पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बघत गेली, सावकाश, एकही पोर न सोडता.

"सगळ्यास्नी दोन-दोन पाय हायेत गं," ती म्हणाली.

मागून अण्णांची पुन्हा हाक आली. आई वळलीसुद्धा नाही. तिनं नुसता हात हलवला.

"तुमी जावा. आमी म्हागनं येतो."

अण्णांना हे पटायला जरा वेळ लागला. मग त्यांनी डबल बेल मारली आणि गाडी धूळ उडवत सोलापूरकडे निघून गेली. मैदानात प्रार्थना सुरू झाली. आई कडुनिंबाखाली दगडावर बसली, आणि शेजारची जागा हातानं झाडून मला म्हणाली, "बस."

मी बसले.